स्ट्रक्टमधली वाया जाणारी मेमरी अशी वाचवा

सी भाषेत स्ट्रक्टचे (अनेक व्हेरिएबल एकत्र बांधणारा प्रकार) मेंबर सुचतील तसे लिहिले की कंपायलर अलाइनमेंटसाठी (प्रत्येक मेंबर ठराविक पटीच्या पत्त्यावर बसावा म्हणून) मधे रिकामे बाइट घालतो, आणि लाखो रेकॉर्डचा अॅरे असेल तर ते चांगलंच महागात पडतं.

करायचं एवढंच, मोठ्या अलाइनमेंटचे मेंबर वर घ्यायचे आणि लहान खाली. म्हणजे आधी डबल, पॉइंटर, मग इंट, मग शॉर्ट, शेवटी सगळे कॅर (char) एकत्र. उदा. ६४-बिट लिनक्सवर कॅर, डबल, कॅर, इंट असा क्रम ठेवला तर साइजऑफ (sizeof, स्ट्रक्टचा एकूण आकार) २४ बाइट येतो, तेच डबल, इंट, कॅर, कॅर केलं की १६. १० लाख रेकॉर्डला सरळ ८० लाख बाइट वाचले, लॉजिकची एक ओळ न बदलता!

ही भोकं (मधले रिकामे बाइट) नेमकी कुठेत ते डोक्याने मोजत बसू नका:

१. मायनस जी (-g, डीबग माहिती ठेवणारा पर्याय) देऊन कंपाइल करा.
२. तयार झालेल्या फाइलवर पाहोल (pahole) चालवा (ड्वार्व्हज पॅकेजमधे येतं), प्रत्येक मेंबरचा ऑफसेट (स्ट्रक्टच्या सुरुवातीपासूनचं अंतर) आणि मधलं भोक दाखवतं, फारच कामाचं टूल आहे.
३. क्रम बदलून परत चालवा, आणि साइजवर स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच होणारी तपासणी) टाकून ठेवा म्हणजे पुढे कोणी मधेच फील्ड घुसवून साइज वाढवला तर बिल्डच अडेल.

रस्ट भाषावाल्यांना हे लागत नाही, तिथे कंपायलर स्वतः क्रम लावतो, फक्त रेप्र सी (repr(C), म्हणजे सीसारखीच मांडणी ठेव) लिहिलं असेल तर लावत नाही.

पण जो स्ट्रक्ट जसाच्या तसा फाइलमधे किंवा नेटवर्कवर जातो त्याचा क्रम अजिबात हलवू नका, जुना डेटा चुकीचा वाचला जाईल.