ईजीएफचा निरोप ईआरकेपर्यंत पोहोचला का, हे कसे तपासावे

ईजीएफ हा वाढघटक (पेशीला वाढीचा निरोप देणारे प्रथिन) पेशीबाहेरून ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला, चिकटला की निरोप रास, रॅफ आणि मेक या प्रथिनांमार्फत ईआरके या पेशीतल्या प्रथिनापर्यंत जातो आणि ईआरकेवर फॉस्फेट चढते. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये वेगळी करून प्रतिपिंडांनी पट्ट्यांच्या रूपात ओळखण्याची पद्धत) दिसते ते हेच फॉस्फेट. पण ते काही मिनिटांत चढते आणि लगेच उतरूही लागते, म्हणून या प्रयोगात वेळ सांभाळणे हेच खरे काम.

सहा खळग्यांच्या प्लेटमध्ये हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) ७० ते ८० टक्के तळ व्यापेपर्यंत वाढवा आणि मग १२ ते १६ तास सीरमविना (माध्यमात घालतात त्या रक्तद्रवाविना) ठेवा. सीरममध्येच वाढघटक असतात. ही पायरी गाळली तर शून्य मिनिटाचा पट्टाही गडद येतो आणि तुलनाच उरत नाही.

वेळा ०, २, ५, १५, ३० आणि ६० मिनिटे. ईजीएफ १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. ६० मिनिटांच्या खळग्यात आधी घाला, २ मिनिटांच्या शेवटी, म्हणजे सगळे एकदम थांबवता येतात. माध्यम ३७ अंशांवर कोमट हवे. थंड माध्यम किंवा प्लेटची आदळआपट एवढ्यानेही ईआरके जागा होतो, म्हणून शून्याच्या खळग्यातही ईजीएफविना तेवढेच माध्यम घाला. हा खळगा चुकला तर बाकीचे पाच वाया.

वेळ भरताच प्लेट बर्फावर ठेवा, बर्फगार पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खारे द्रावण) धुवा आणि पेशी फोडणारे रिपा बफर घाला. त्यात प्रोटिएज रोधकांसोबत (प्रथिने तोडणारी विकरे अडवणारी रसायने) १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनेडेट हवेच, नाहीतर पेशी फुटताच फॉस्फटेज ही विकरे फॉस्फेट काढून टाकतात. व्हॅनेडेटचे द्रावण पीएच १० वर आणून रंगहीन होईपर्यंत उकळा. पिवळे राहिले तर नीट काम करत नाही.

दर लेनला २० मायक्रोग्रॅम प्रथिन, १० टक्के जेल. ब्लॉकिंगला (ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा झाकायला) टीबीएसटी या धुण्याच्या बफरमध्ये ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) वापरा. दुधातल्या केसीनवरही फॉस्फेट असते, त्यामुळे दूध टाळलेलेच बरे. ४२ आणि ४४ किलोडाल्टनला दोन पट्टे दिसतील, बहुधा ५ मिनिटांना सर्वांत गडद. एकूण ईआरके (फॉस्फेट असलेला आणि नसलेला मिळून) मात्र सगळीकडे सारखाच यायला हवा.

दुसऱ्या प्लेटमध्ये ईजीएफच्या ३० मिनिटे आधी १० मायक्रोमोलर यू०१२६ (मेकला अडवणारे रसायन) द्या, तुलनेच्या खळग्यात तेवढेच डीएमएसओ (यू०१२६ ज्यात विरघळवतात तो द्रावक). मेक अडल्यावर पट्टा पुसला गेला, तर निरोप त्याच वाटेने आला होता. एकूण ईआरके ठीक असून फॉस्फेट चढलेल्या ईआरकेचा पट्टा कुठेच नसेल, तर आधी व्हॅनेडेट तपासा, मग वारंवार गोठवून वितळवलेला ईजीएफ.