कसूर, कसर, दिरंगाई : नोटीस लिहिताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीत पंप चालवणाऱ्या काकांना द्यायची नोटीस माझ्याकडे तपासायला आली. त्यात लिहिलं होतं, 'आपण कर्तव्यात कसूर केली आहे.' झालं काय होतं, तर पहाटे पाचचा पंप साडेपाचला सुरू झाला. पाणी सगळ्यांना मिळालं. मी 'कसूर' खोडून 'दिरंगाई' लिहिलं. माणसाच्या नोकरीचा कागद आहे, तिथे शब्द इकडचा तिकडे झालेला चालत नाही.

'कसूर' अरबीतून आला. मूळ धातूचा अर्थ आखूड होणं, कमी पडणं. प्रवासात चार रकातींची (रकात म्हणजे नमाजाचं एक आवर्तन) फर्ज, म्हणजे बंधनकारक, नमाज दोनच रकातींत अदा करतात, तिला 'कस्र' म्हणतात. तोही याच धातूचा शब्द. म्हणजे कसूर केली असं म्हटलं, की जिथवर पोचायला हवं होतं तिथवर माणूस पोचलाच नाही. 'दिरंगाई' फारसी 'दिरंग'वरून, म्हणजे उशीर. काम होतं, पण वेळेवर नाही. सरकारी कामातल्या विलंबाला आळा घालणारा 2005 चा महाराष्ट्राचा कायदा आहे ना, ज्यात फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडकवून ठेवायची नाही, त्याला लोक 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. किती नेमकं नाव!

दुसरी चूक 'कसर'ची. 'प्रयत्नात कसूर सोडली नाही' असं सर्रास वाचायला मिळतं. तिथे 'कसर' हवी. कानाला जवळचे वाटले तरी हे दोन वेगळे शब्द. 'कसर' ज्या अरबी धातूवरून आली त्याचा अर्थ मोडणं, तुकडा. म्हणून उरलेली उणीव ती कसर.

हिंदीच्या सवयीने 'त्याचा काय कसूर?' असंही लिहिलं जातं. मराठीत तिथे 'दोष' किंवा 'अपराध' म्हणा.

सर्वांत वाईट वाक्य मात्र 'कोणाचीही हयगय केली जाणार नाही'. धमकी द्यायला गेलात आणि सगळ्यांची नीट काळजी घेण्याचं आश्वासन देऊन बसलात! हयगय कामात होते, गय माणसाची केली जाते. 'हयगय करणाऱ्याची गय केली जाणार नाही' हे बरोबर.

शुद्धलेखनाचं एकच : 'कसूर' दीर्घ, पण 'कसुरीबद्दल' ऱ्हस्व.

आणि शब्द ठरतच नसेल, तर तारीख, वेळ आणि नेमकं काय राहिलं ते लिहा. काकांच्या नोटिशीत शेवटी तेवढंच राहिलं : पंप अर्धा तास उशिरा सुरू झाला.