नवा राउटर पारखताना या चुका टाळा

नवा राउटर जोडायचा, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायची आणि आकडा मनासारखा आला नाही की राउटरला नावे ठेवायची, ही बहुतेकांची पारखण्याची पद्धत असते. तो आकडा मात्र एकट्या राउटरचा नसतो. सेवापुरवठादाराची लाइन, मधली केबल, राउटर, भिंती आणि खुद्द मोबाइल या सर्वांचा मिळून तो आलेला असतो, आणि यांपैकी नेमके कोण अडते आहे हे त्यावरून कळत नाही. पुढच्या बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

खोक्यावरच्या आकड्यावर विसंबून खरेदी करणे ही त्यांतली सर्वांत जुनी चूक. 'एएक्स१८००' असे लिहिलेल्या राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ बँडचे (रेडिओलहरींच्या पट्ट्याचे) ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे १२०१ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) यांची बेरीज करून आकडा वर ओढलेला असतो. मोबाइल सहसा एका वेळी एकाच बँडवर बोलतो, म्हणजे ही बेरीज त्याच्या वाट्याला येतच नाही. शिवाय १२०१ हा जोडणीचा सैद्धांतिक वेग आहे. प्रत्यक्ष माहिती वाहून नेताना त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक वेग मिळाला तरी जोडणी चांगली समजावी. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेला पोर्टचा (केबल जोडण्याच्या खाचेचा) वेग मात्र कोणी वाचत नाही. एसी१२०० या जुन्या पिढीच्या वायफाय वर्गातल्या अनेक स्वस्त राउटरांचे पोर्ट केवळ १०० एमबीपीएसचे असतात, आणि ३०० एमबीपीएसची लाइन घेतलेल्या माणसाने असा राउटर लावला तर उरलेले २०० दारातच अडतात.

दुसरी चूक म्हणजे आधी वायफाय मोजणे. क्रम उलटा हवा. प्रथम लॅपटॉप केबलने थेट मोडेमला (सेवापुरवठादाराची लाइन जेथे येते त्या उपकरणाला) जोडून लाइनचा वेग पाहावा, मग राउटरच्या लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टला जोडून पाहावा, त्यानंतर राउटरपासून दोन-तीन मीटरवर वायफायने मोजावे आणि शेवटी सर्वांत लांबच्या खोलीत जावे. ज्या पायरीवर आकडा कोसळतो, तेथे दोष शोधावा. हा क्रम मी एका लहान कार्यालयात फजिती झाल्यावर शिकलो. तेथे प्रत्येक खोलीत, दिवसाच्या कोणत्याही वेळी, वेग ९३-९४ वर अडकलेला होता. मी वायफायचे चॅनल, म्हणजे बँडमधला छोटा पट्टा, बदलले, राउटर दोनदा रीसेट केला, तो बदलूनही पाहिला. शेवटी केबलचा प्लग हातात घेऊन उजेडात धरला, तेव्हा आठांपैकी एक तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती असे दिसले. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) जोडणीला तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात, म्हणून एखादी तार तुटली तरी जोडणी बंद न पडता बहुधा निमूटपणे खालच्या वेगावर उतरते. त्यामुळे आकडा ९० ते ९५ च्या दरम्यान घट्ट बसलेला दिसला, तर वायफायच्या मागे लागण्याआधी केबल आणि पोर्ट तपासावा.

लाइनचा वेगच कमी असेल तर इंटरनेटवरील स्पीड टेस्टने राउटरची कुवत कळणार नाही. अशा वेळी एक संगणक केबलने राउटरला जोडून आणि दुसरा वायफायवर ठेवून 'आयपर्फ३' या मोफत प्रोग्रामने त्या दोघांमधला वेग मोजावा, म्हणजे बाहेरची लाइन हिशेबातून वगळली जाते.

रिकाम्या नेटवर्कवर चाचणी करून समाधान मानणे ही चूक मला सर्वांत महागाची वाटते, विशेषतः कार्यालयात. वेग उत्तम, पण कोणी मोठी फाइल अपलोड करू लागला की व्हिडिओ कॉलवरचा आवाज तुटतो, ही तक्रार वेगाची नसून रांगेची आहे: लाइन भरली की पॅकेट (माहितीचे तुकडे) मोडेमच्या किंवा राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ताटकळतात. पारखायचे असेल तर एका संगणकावर पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवून दुसऱ्यावरून अपलोड सुरू करावे. एरवी १५ मिलिसेकंद दिसणारा पिंग ३०० वर गेला, तर राउटरमध्ये 'एसक्यूएम'सारखी रांग आवरणारी सोय आहे का हे पाहावे आणि तेथे अपलोडची मर्यादा लाइनच्या मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के ठेवावी. या कामाला प्रोसेसरची ताकद लागते, त्यामुळे हलक्या राउटरवर ती सुरू केल्यावर एकूण वेग घसरू शकतो. हा सौदा कॉलवर काम करणाऱ्यांनी खुशाल करावा.

जागेबाबत थोडक्यात: राउटर कपाटात, जमिनीवर किंवा धातूच्या वस्तूमागे ठेवून त्याची परीक्षा घेऊ नये. काम करण्याच्या जागी सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे एकक) आसपास किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या अधिक जवळ, असावा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनल निवडावे. ५ गिगाहर्ट्झवर १६० मेगाहर्ट्झची रुंदी निवडल्यास राउटर सुरू झाल्यावर निदान मिनिटभर त्या बँडच्या वायफायचे नाव दिसत नाही. तो बिघाड नव्हे. त्या पट्ट्यात रडारही चालतात आणि प्रसारणाआधी त्यांची चाहूल घेण्याचे बंधन राउटरवर असते.

सेवापुरवठादाराचे उपकरण स्वतःच राउटरचे काम करत असेल आणि नव्या राउटरच्या वॅन पत्त्याची (सेवापुरवठादाराच्या बाजूने मिळालेल्या पत्त्याची) सुरुवात १९२.१६८ ने होत असेल, तर पत्त्यांचे भाषांतर, म्हणजे आतल्या उपकरणांचे पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचे काम, दोनदा होत असते. बाहेरून कॅमेरा न दिसणे किंवा व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) अडखळणे यांमागे हे कारण असू शकते. सेवापुरवठादाराचे उपकरण ब्रिज मोडवर (राउटरचे काम न करता केवळ लाइन पुढे देण्याच्या स्थितीत) टाकावे किंवा नवा राउटर ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पुरवणारे उपकरण) म्हणून वापरावा. डब्ल्यूपीएस (बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करावे, डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत उपलब्ध असल्यास तीच निवडावी, आणि फर्मवेअर (राउटरमधले सॉफ्टवेअर) अद्ययावत करण्याचे काम मोजणीच्या आधी उरकावे, नाहीतर टिपून ठेवलेले आकडे पुन्हा घ्यावे लागतात.