जुन्या मोटरहोमच्या चासीचे ब्रेक : बयाणा देण्याआधीची तयारी

मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, पाहायला गेलेले कुटुंब आधी ओटा, पलंग आणि खिडक्यांचे पडदे पाहते, आणि विकणाराही तेच हौसेने दाखवतो. ब्रेक मात्र त्या घराचे नसून खालच्या चासीचे, म्हणजे इंजिन आणि चाके असलेल्या सांगाड्याचे, असतात, आणि चासी बनवणाऱ्याने ते ठरावीक वजन गृहीत धरून बसवलेले असतात. म्हणून पहिले काम गाडीपाशी जाण्याआधी घरीच करावे. आरसीवरून चासीचे मॉडेल आणि निर्मितीचे साल टिपून घ्यावे आणि त्या मॉडेलला कोणते ब्रेक येतात हे नक्की करावे. पीथमपूरला तयार होणाऱ्या फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीला व्हॅक्यूम बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) मदतीने चालणारे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाचे, ब्रेक असतात. मोठ्या बसच्या चासीला एअर ब्रेक असतात. मधल्या आकाराच्या काही गाड्यांत हवेच्या जोरावर ब्रेक ऑइल दाबले जाते. हे ठाऊक नसताना केलेली तपासणी बहुतेक वाया जाते, कारण एका प्रकारात जो दोष मानायचा तो दुसऱ्या प्रकारात लागूच होत नाही.

त्यानंतर गाडी धर्मकाट्यावर न्यावी, आणि तीही पाण्याची टाकी भरून, गॅसचा सिलिंडर व बॅटऱ्या जागेवर ठेवून. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो, आणि ट्रक माल उतरवून हलका होतो तसे मोटरहोमचे कधी होत नाही. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करावे, मग पूर्ण गाडीचे, आणि दोन्ही आकडे आरसीवरील कमाल वजनाशी व चासीच्या पट्टीवरील ॲक्सलनिहाय मर्यादेशी ताडून पाहावेत. मर्यादा ओलांडलेली असेल, तर ब्रेकचे लायनर (ड्रमवर घासणारे अस्तर) नवे असले तरी व्यवहार थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वजनाशी जोडलेली आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. काही चासींत मागच्या ॲक्सलजवळ एक दांडी असलेला व्हॉल्व्ह असतो. पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) गाडी किती खाली बसली आहे त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवतो. बॉडी बांधणाऱ्याने गाडी लचकू नये म्हणून मागे एखादी जादा पाटी घातली असेल, तर भरलेली गाडीही उंचच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना दाब कमी मिळतो. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. दांडी गंजून अडकली आहे का, किंवा कोणी तारेने बांधून ठेवली आहे का, हे टॉर्च लावून पाहावे.

हायड्रॉलिक गाडीची उभ्या जागी करायची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबावे, ते कडक झाले की त्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. तसेच दाबून ठेवलेले पॅडल सावकाश तळाकडे जात राहिले आणि बाहेर कोठेही गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचे (पॅडलने तेल दाबणाऱ्या मुख्य सिलिंडरचे) रबर आतून गेले आहे असे समजावे. अशा वेळी मिस्त्री डबीत तेल भरून वेळ मारून नेऊ पाहतो, त्याला नकार द्यावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताज्या डॉट ४ तेलाचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शिरलेल्या तेलाची तीच मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि लांब उतारावर तेल उकळून वाफ झाली की पॅडल पोकळ लागते. म्हणून तेल कितीही स्वच्छ दिसो, ते बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

एअर ब्रेक असतील तर टाक्यांचे कॉक उघडून पाणी निघते की तेल, हे पाहावे. तेल निघाले तर कॉम्प्रेसर तेल सोडतो आहे. दाब पूर्ण भरल्यावर चाकांना गुटके लावून, हँडब्रेक सोडून इंजिन बंद करावे आणि पॅडल दाबून धरावे. सुरुवातीची घट सोडून मिनिटाला ०.२ बारपेक्षा अधिक दाब उतरू नये. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये अतिशय जोरदार स्प्रिंग कोंबलेली असते, तेव्हा तो चेंबर स्वतः कधीही उघडू नये.

चाके उघडून पाहण्याचा आग्रह मात्र सोडू नये. ही गाडी वर्षातले कित्येक महिने उभी असते, आणि पावसाळ्यात उभ्या गाडीचे ब्रेकचे ड्रम गंजतात, चाकातला ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर अडकतात. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने हळूच उचलावी. आत ओल असेल तर गळती सुरू झाली आहे. लायनर काळे, चकचकीत आणि काचेसारखे झाले असतील तर ते खूप तापलेले आहेत, आणि त्यांवर तेलाचा थर असेल तर ॲक्सलचे सीलही बदलावे लागेल. ड्रमवर कमाल व्यासाचा आणि डिस्कवर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो, तो मोजमापाशी जुळवावा. रबरी होज वाकवून भेगा पाहाव्यात.

एवढे झाल्यावरच रस्ता. आधी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर गर्दी नसताना, कमी वेगात ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे. मग खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून नव्हे, कारण इंजिन थांबले की बूस्टरमध्ये मोजक्या दाबांपुरतेच व्हॅक्यूम उरते. मुंबईकडे उतरणाऱ्या गणेश घाटात ब्रेक निकामी होऊन किती अपघात झाले आहेत, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. खाली सपाटीवर थांबून प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हात धरावा. एकच चाक फार तापले असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही. एकच थंड राहिले असेल तर तो लागतच नाही. दोन्हींपैकी काहीही आढळले, तर दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घेऊन तोच घाट पुन्हा उतरावा आणि बयाण्याचे बोलणे त्यानंतर करावे.