फ्लाय ॲश घातली म्हणजे खारं पाणी थांबलं असं नाही: या चुका टाळा

खाऱ्या पाण्याजवळच्या कामात काँक्रीटमध्ये फ्लाय ॲश (कोळसा जाळून उरलेली बारीक राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) किंवा सिलिका फ्यूम (सिलिकॉनच्या भट्टीतली अतिबारीक पूड) वापरावी, यात वाद नाही. सिमेंट भिजताना सुटणारा चुना ही पूड वापरून टाकते, त्यातून नवा जेल तयार होतो आणि काँक्रीटमधली छिद्रं बारीक होतात. सळई गंजवणाऱ्या, मिठातल्या क्लोराइडची आत जायची वाटच आक्रसते. पण या सगळ्याला ओल लागते आणि दिवस लागतात. नेमकं तेच द्यायला कोणी तयार नसतं.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक क्युरिंगची, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याची. एका धक्क्याच्या स्लॅबमध्ये सिलिका फ्यूम होती, दुपारचा वारा जोरात होता आणि मिस्त्री पृष्ठभागावर पाणी सुटायची वाट पाहत बसला. सिलिका फ्यूमच्या काँक्रीटला पाणी सुटतच नाही म्हटलं तरी चालेल! वरचा थर सुकला आणि संध्याकाळपर्यंत भेगांचं जाळं उमटलं. पुढे साइट इंजिनिअरने प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाचवला: १००० कूलंबच्या (विद्युतभाराचं माप) आत, म्हणजे क्लोराइडचा शिरकाव अत्यल्प. अरे, तपासलेला नमुन्याचा सिलिंडर हौदात बुडवून ठेवलेला होता, स्लॅब नव्हता. मीठ भेगेतून शिरतं, त्याला रिपोर्ट वाचता येत नाही. मी तर ओतकाम चालू असतानाच बारीक फवारा धरायला लावतो, फिनिशिंग झालं की लगेच ओलं गोणपाट. ‘क्युरिंग कंपाउंड (ओल उडू न देणारा लेप) मारलंय, झालं’ हे उत्तर माझ्याकडे चालत नाही.

त्या कूलंब चाचणीवरही डोळे मिटून विसंबू नका. ६० व्होल्टवर सहा तासांत किती विद्युतभार गेला तेवढंच ती मोजते. सिलिका फ्यूममुळे छिद्रांतल्या पाण्याची वाहकताही घटते, त्यामुळे आकडा वास्तवापेक्षा गोड दिसू शकतो. उलट फ्लाय ॲशचं काँक्रीट २८ दिवसांना तपासून नापास करणारे उतावळेही भेटतात. ते ५६ किंवा ९० दिवसांना तपासा.

फ्लाय ॲश आधीच असलेल्या सिमेंटमध्ये साइटवर आणखी फ्लाय ॲश ढकलू नका. आधी गोणीवरचं वाचा.

स्लॅगमधली ॲल्युमिना थोडं क्लोराइड बांधून ठेवते हे खरं, पण म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी करायची सूट मिळत नाही.

मिक्स घट्ट वाटला म्हणून वरून पाणी ओतणाऱ्याला काय सांगावं? पाणी न वाढवता मिक्स सैल करणारा प्लास्टिसायझर कशासाठी असतो?

आणि सिलिका फ्यूम शेवटी टाकू नका, गाठी राहतात. मी ती खडी आणि थोड्या पाण्याबरोबर सुरुवातीलाच फिरवून घेतो, सिमेंट त्यानंतर.