घरी बनवलेल्या गिटार पेडलचा आवाज कमी येतोय? दोष असा शोधा

बायपासमध्ये (पेडल बंद, सिग्नल सरळ अ‍ॅम्पला) गिटार खणखणीत वाजते आणि पेडल दाबलं की आवाज खाली बसतो. यावर ठरलेला सल्ला मिळतो, 'जास्त गेनचा (सिग्नल जास्त वाढवणारा) ट्रान्झिस्टर टाक.' तो ऐकू नका. दोष कुठे आहे हे कळायच्या आधी सोल्डरिंग आयर्न तापवलं की एकाचे दोन दोष होतात.

केबल आणि बॅटरी बदलून बघितली असेलच. नसेल तर आधी ते करा.

मग प्रोब बनवा, म्हणजे सर्किटमध्ये आवाज कुठवर पोचतो ते ऐकायची तार. जुन्या गिटार केबलचं एक टोक कापा, मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (अंगावर १०४ लिहिलेला) जोडा आणि बाहेरची जाळी पेडलच्या ग्राउंडला लावा. दुसरं टोक अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी. कोणाला तरी तारा छेडायला बसवा आणि कपॅसिटरचा मोकळा पाय इनपुट जॅकपासून पुढे टेकवत जा. आवाज जिथे वाढायला हवा तिथे वाढत नसेल, तर दोष तिथेच.

बहुतेक वेळा तुम्ही ट्रान्झिस्टरपाशी येऊन थांबाल. माझा सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी गेलाय, म्हणून इथे घाई नको.

एका ट्रान्झिस्टरचा साधा बूस्टर (आवाज वाढवणारं पेडल) घ्या. ट्रान्झिस्टरला तीन पाय: कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टरला १० के (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर, एमिटरला ३९० ओहम, बेसला ४३० के आणि ४३ के, सप्लाय ९ व्होल्ट. सर्किटच्या नकाशात २एन५०८८ हा ट्रान्झिस्टर लिहिलेला असतो. पणजी-मडगावच्या दुकानात तो मागितला की माझ्या हातात बहुधा बीसी५४७ पडतो, 'हाच चालतो' असं म्हणून. चालतो, खोटं नाही. पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर २एन५०८८चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि बीसी५४७चे कलेक्टर, बेस, एमिटर. छापील आकृती पाहून तसाच बसवला की कलेक्टर-एमिटर उलटे.

आता गंमत बघा. उलटा बसलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, अर्धवट काम करतो. बेस आणि एमिटरच्या जागी मीटर लावलं तर ०.६ व्होल्टच्या आसपास फरक दिसतो, आणि लोक 'ट्रान्झिस्टर ठीक आहे' म्हणून पुढे जातात. तो आकडा इथे काहीच सिद्ध करत नाही. बघायचा तो कलेक्टरचा पॅड, म्हणजे बोर्डावर तो पाय सोल्डर होतो ती जागा. या सर्किटमध्ये तिथे ४ ते ६ व्होल्ट हवेत. ९च्या जवळ दिसले तर आधी पायांवर संशय घ्या. उलट्या ट्रान्झिस्टरची करंट वाढवण्याची ताकद शेकड्यांवरून जेमतेम एक आकडी होते. त्यामुळे इनपुटचा रोध काही हजार ओहमवर येतो आणि तो पिकअपचाच (गिटारच्या तारांचा आवाज पकडणाऱ्या कॉइलचा) गळा दाबतो. आवाज कमी आणि वर बोदा, असं दुहेरी लक्षण असेल तर जवळजवळ खात्रीच.

काढलेला ट्रान्झिस्टर फिरवून परत लावू नका. उलट्या व्होल्टेजने त्याचं बेस-एमिटर जंक्शन दुखावलेलं असू शकतं. मग गेन कमी आणि खरखर जास्त. काही रुपयांचा नवा घ्या, आणि पुढच्या वेळी सॉकेट लावा, म्हणजे पाय सोल्डर न करता नुसते खोचता येतात.

ट्रान्झिस्टरऐवजी ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) असलेल्या पेडलमध्ये आउटपुटच्या पायावर साधारण ४.५ व्होल्ट हवेत. टीएल०७२ असेल तर पाय १ आणि ७. इनपुटच्या पायावर मोजू नका: बाजारातल्या पिवळ्या स्वस्त मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ मेगओहम असतो, त्यामुळे १ मेगच्या रेझिस्टरमागचे ४.५ व्होल्ट तो सव्वादोन दाखवतो आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

व्होल्टेज बरोबर, तरी आवाज कमी? रेझिस्टरवरचे रंगपट्टे तपासा. ट्यूबलाइटखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, म्हणजे १० केच्या जागी १ के बसतो. एक पाय सोडवून मोजा. बोर्डावर मोजलेला आकडा खरा धरू नका. व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) १०० केचा हवा. चुकून १ केचा लागला असेल तर सगळा सिग्नल तोच खातो.

आपल्याकडचं एक वेगळंच. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजणारं पेडल पावसाळाभर पिशवीत पडून राहिलं की जॅकच्या पट्टीवर हिरवट थर चढतो. सर्किट निर्दोष, तरी आवाज कधी कमी, कधी गायब. पट्टी घासून जरा आत वाकवा. बोर्डावर राहिलेला चिकट फ्लक्सही (सोल्डरसोबतचा राळेसारखा पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढा. दमट हवेत तो ओलावा धरतो.

हे सगळं करूनही आवाज कमीच असेल आणि पेडलमध्ये टोनचं नॉब असेल तर ते सर्किटबाहेर काढून बघा. साधं पॅसिव्ह (स्वतः सिग्नल न वाढवणारं) टोन कंट्रोल आवाज खातंच. ते काढल्यावर आवाज परत आला तर जोडणी चुकलेली नाही, टोननंतर आणखी एक ट्रान्झिस्टर लावावा लागेल. पाय बघून.