बारावीनंतर खासगी विद्यापीठात जाताना: जून ते ऑगस्टची तयारी

ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे शिकवते आहे आणि बारावीचा निकाल लागल्यानंतरचे माझे दोन महिने विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांशी बोलण्यात जातात. पूर्वी ही बोलणी मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्यांपुरती असत. आता नेरूळ, खारघर, कामोठे, पनवेल या पट्ट्यातील खासगी आणि अभिमत ('डीम्ड') विद्यापीठांचा विषय बहुतेक घरांत निघतो. या संस्थांत प्रवेश घेण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. संलग्न महाविद्यालयात काही अडले, तर विद्यार्थ्याला वर विद्यापीठाचे दार असते. खासगी विद्यापीठात अभ्यासक्रम आखणारी, शिकवणारी, पेपर तपासणारी आणि पदवी देणारी संस्था एकच असते. म्हणून जे विचारायचे ते पैसे भरण्याआधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. खाली लिहिलेली सगळी तयारी या एका कारणाभोवती फिरते.

पहिले काम मान्यता तपासण्याचे आहे. अभिमत विद्यापीठाला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम ३ खाली केंद्र सरकारकडून दर्जा मिळतो, तर खासगी विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होते. दोन्ही याद्या यूजीसीच्या संकेतस्थळावर आहेत आणि त्याच ठिकाणी बनावट विद्यापीठांची यादीही असते. संस्थेचे मुख्यालय एका शहरात आणि संकुल दुसऱ्या शहरात असेल, तर त्या संकुलाला स्वतंत्र मंजुरी आहे का, हे विचारावे. त्यानंतर अभ्यासक्रमाची मान्यता पाहावी, कारण विद्यापीठ मान्यताप्राप्त असले तरी वकिलीसाठी बार कौन्सिल ऑफ इंडिया, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिल, वास्तुकलेसाठी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर आणि वैद्यकासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग यांच्या यादीत त्या वर्षासाठी नाव असणे आवश्यक असते. माहितीपुस्तिकेतील 'नॅक'ची (संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, एखाद्या विभागाची नव्हे, आणि तिला मुदत असते. ती मुदत कधी संपते, ते प्रमाणपत्रावर वाचून घ्यावे.

शुल्काचा विषय सर्वांत नाजूक आहे, त्यामुळे तो घाईत उरकू नये. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या प्रवेशफेऱ्या आणि खासगी विद्यापीठांची स्वतःची प्रवेशप्रक्रिया एकाच काळात चालते. अभियांत्रिकी किंवा फार्मसीच्या फेरीत हवे ते महाविद्यालय मिळेल की नाही, याची खात्री नसल्याने पालक आधी खासगी विद्यापीठात जागा धरून ठेवतात आणि नंतर फेरीत नाव लागले की रक्कम परत मागतात. यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये याबाबत स्पष्ट अधिसूचना काढली आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा त्याहून अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते आणि प्रक्रिया खर्चापोटी फार तर ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी रद्द केल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के रक्कम मिळते. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीचे परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परताव्याची तरतूद होती. म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक शोधून त्याची प्रत जवळ ठेवावी आणि संस्थेची 'जाहीर अंतिम तारीख' नेमकी कोणती, हे ईमेलवर विचारून घ्यावे, कारण सगळे टक्के त्या एका तारखेवरून मोजले जातात.

याच अधिसूचनेनुसार संस्थेला मूळ कागदपत्रे स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. मूळ प्रती पाहून, साक्षांकित प्रती ठेवून त्या लगेच परत करायच्या असतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मूळ गुणपत्रिका एका संस्थेने ठेवून घेतल्या होत्या. त्या परत मिळवण्यासाठी त्याच्या वडिलांना चार दिवस रजा काढावी लागली आणि तोपर्यंत त्याची दुसऱ्या ठिकाणची कागदपत्र पडताळणीची मुदत संपली. तो मुलगा आज चांगला शिकतो आहे, पण त्या आठवड्यातील त्या घराची अवस्था मी विसरू शकत नाही. त्यामुळे पालकांना मी आग्रहाने सांगते की मूळ कागद टेबलावर ठेवावेत, दाखवावेत आणि उचलून घ्यावेत.

शुल्कपत्रकात शिक्षण शुल्काखेरीज विकास निधी, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, अनामत, गणवेश, सामग्री असे अनेक रकाने असतात. कोणती रक्कम एकदाच भरायची, कोणती दर वर्षी आणि दुसऱ्या वर्षापासून किती वाढ होऊ शकते, हे विचारून पूर्ण अभ्यासक्रमाचा एकत्रित आकडा स्वतः कागदावर मांडावा. शिष्यवृत्तीच्या बाबतीत ठाण्यातील पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज येथे होतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील ज्या योजनांचा लाभ थोरल्या भावंडाला संलग्न महाविद्यालयात मिळाला, त्या खासगी विद्यापीठात आपोआप लागू होत नाहीत. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देणारा जुलै २०२४ चा शासन निर्णय खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयं-अर्थसहाय्यित (म्हणजे राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली खासगी) विद्यापीठे यांना वगळून आहे. ही ओळ वाचली नाही, तर घराचे सगळे गणित चुकते. विद्यापीठाची स्वतःची गुणवत्ता शिष्यवृत्ती असेल, तर ती पुढे चालू राहण्यासाठी दर वर्षी किती गुण लागतात, ते लेखी घ्यावे.

शैक्षणिक कर्ज घ्यायचे असल्यास बँकेत जूनमध्येच जावे. बँकांच्या प्रचलित पद्धतीनुसार ४ लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते, परंतु व्याज पहिल्या हप्त्याची रक्कम उचलल्या दिवसापासून चढत राहते. पीएम-विद्यालक्ष्मी ही केंद्राची शैक्षणिक कर्जाची योजना एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीवर आधारलेल्या यादीतील संस्थांपुरती आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे.

कागदपत्रांच्या बाबतीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, छायाचित्रे हे सर्वांना ठाऊक असते. उशीर होतो तो अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता यांना, कारण निकालानंतर सेतू केंद्रांवर आणि 'आपले सरकार'वर सगळ्यांची एकदम झुंबड उडते. स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात, ते मंडळाकडून मिळवावे लागते आणि बहुतेकांना ते ऑगस्टमध्ये आठवते. ते जूनमध्ये मागवावे. मध्ये एखादे वर्ष गेले असल्यास खंड प्रमाणपत्राचे प्रतिज्ञापत्र लागते. प्रत्येक कागदाच्या पाच छायाप्रती आणि एक स्वच्छ स्कॅन तयार ठेवावे. आधारवरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव अक्षरशः जुळते का, हेही तपासावे, कारण अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते त्याच नावावर उघडते आणि पुढे सर्व श्रेयांक (क्रेडिट) त्या खात्यातच जमा होतात.

आता शिक्षणाविषयी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० श्रेयांकांची असते. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा ३० तास, असे सर्वसाधारण माप आहे. या मापाने वेळापत्रक वाचले की आठवड्याचे किती तास वर्गात जाणार आणि किती उरणार, हे विद्यार्थ्याला स्वतः काढता येते. तो हिशेब त्याने स्वतःच करावा, पालकांनी करून देऊ नये. विद्यापीठाची परीक्षा नियमावली मागून घ्यावी आणि तिच्यात चार गोष्टी शोधाव्यात: अंतर्गत मूल्यमापनाला किती गुण आहेत, त्यात स्वतंत्र उत्तीर्ण व्हावे लागते का, नापास विषय घेऊन पुढच्या वर्षात जाता येते का आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन मिळते का. एटीकेटीचे, म्हणजे नापास विषय घेऊन पुढे जाण्याच्या सवलतीचे, जे नियम आपण मुंबई विद्यापीठाचे म्हणून ऐकलेले असतात, ते येथे गृहीत धरता येत नाहीत. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असणे बंधनकारक आहे; त्यांचा ईमेल पत्ता पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा.

ग्रंथालय प्रत्यक्ष पाहावे. संशोधनपत्रिका एकत्रितपणे उपलब्ध करून देणारी केंद्राची 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली ती शासकीय संस्थांसाठी. म्हणून खासगी विद्यापीठ स्वतः कोणत्या संशोधनपत्रिका आणि माहितीसंच विकत घेते, हे ग्रंथपालांना विचारावे. चकचकीत इमारतीपेक्षा या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक वेगळी तयारी आहे आणि ती मला फार जिव्हाळ्याची आहे. पहिल्या सत्रातच सादरीकरणे सुरू होतात आणि ज्या मुलाला विषय उत्तम कळतो, तोही इंग्रजीत उभा राहताना गप्प होतो. जुलैमध्ये आपल्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातील दोन प्रकरणे मोठ्याने वाचावीत, पारिभाषिक शब्दांची दोन भाषांतील वही करावी आणि घरातल्यांसमोर पाच मिनिटे बोलून पाहावे. मराठी पुस्तकांसाठी ठाण्यात १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. विषय आधी आपल्या भाषेत वाचून घेतला, तर दुसऱ्या भाषेत तो मांडणे सोपे जाते.

प्रवासाची तयारी कागदावर नव्हे, तर पावसात करावी. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे करत नेरूळला साधारण अर्ध्या तासात पोहोचता येते, पण कल्याण-बदलापूरकडून येणाऱ्यांना ठाण्यात गाडी बदलावी लागते आणि सकाळी नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवर पोहोचण्यातच बराच वेळ जातो. पहिल्या व्याख्यानाच्या वेळेनुसार एका कामाच्या दिवशी घरापासून वर्गापर्यंत जाऊन यावे. खारघरच्या आतील सेक्टरांसाठी बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे. पनवेलपलीकडे भाताणसारख्या ठिकाणी मात्र लोकल पोहोचत नाही, तेव्हा संस्थेच्या बसची वेळ, शुल्क आणि शेवटची फेरी विचारावी. रेल्वेच्या सवलतीच्या पाससाठी लागणारा कन्सेशन फॉर्म विद्यापीठ देते का, हेही विचारावे. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा सामना किंवा कार्यक्रम असला की परिसरातील रस्ते भरून जातात, म्हणून त्या तारखा परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेवाव्यात.

राहण्याची सोय करताना पत्ता नोडच्या (नवी मुंबईतील उपनगराच्या) नावासह घ्यावा, कारण सेक्टर ७ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे. भाड्याच्या खोलीचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असावा, अनामत परत करण्याची अट त्यात लिहिलेली असावी आणि मेसचे जेवण पैसे भरण्याआधी दोन वेळा जेवून पाहावे. लॅपटॉप विभागाची सूचना आल्यावरच घ्यावा. बाकी सामान कमी असले तरी चालते.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी ऑनलाइन भरावयाचे असते. ते भरताना मुलांशी त्यावर बोलावे, नुसते बटण दाबू नये. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही फोनमध्ये, आणि फोन हरवला तर हाताशी असावेत म्हणून ओळखपत्राच्या मागेही लिहून ठेवावेत.

पहिला महिना संपताना एक काम उरते. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के उपस्थिती लागते आणि ती पोर्टलवर नोंदवली जाते. विद्यार्थ्याने पहिल्या तासापासून स्वतःच्या वहीत हजेरी लिहावी, महिन्याअखेरीस ती पोर्टलशी ताडून पाहावी आणि फरक आढळल्यास त्याच आठवड्यात विभागाला ईमेल करून त्याची प्रत जपून ठेवावी.